डोहाळे विचारण्याचा सोहळा

सूनबाईंना सातवा महिना लागला की घरात चर्चा सुरू होते ती तारखेची, सभागृहाची, आचाऱ्याची आणि आहेराच्या साड्यांची. मखराचा रंग, छायाचित्रकाराचे नाव, पाहुण्यांची यादी, सूनबाईंच्या माहेराहून काय यावे याचा अंदाज, असे सारे एकेक करून ठरत जाते. या गडबडीत एक प्रश्न मात्र बहुधा कोणीच विचारत नाही. जिच्यासाठी हा सगळा थाट आहे, तिला काय हवे आहे?

वास्तविक हा प्रश्न म्हणजेच डोहाळजेवण. गर्भवतीची इच्छा विचारणे आणि ती पुरविणे हाच या विधीचा गाभा. मखर, फुले, फराळ, आहेर ही त्यावर चढलेली शोभा आहे. शोभा असू नये असे नाही. पण तिने गाभा झाकून टाकला, तर दोन तास अवघडून बसलेली एक थकलेली स्त्री आणि तिच्याभोवती छायाचित्रे काढणारी गर्दी एवढेच उरते. म्हणून या लेखात तयारीचा क्रम थोडा बदलून पाहू. आधी ती, मग तिच्या प्रकृतीला मानवेल अशी वेळ आणि पान, आणि थाट सर्वांत शेवटी.

एक विधी, अनेक नावे

'डोहाळे' हा शब्द संस्कृत 'दोहद'शी नाते सांगतो. प्राकृतात त्याचे रूप 'दोहल' असे आढळते. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून गर्भवती 'द्विहृदया', म्हणजे दोन हृदयांची होते आणि तिच्या इच्छेची अवहेलना करू नये, असे सांगितले आहे. आज सोनोग्राफीत गर्भाच्या हृदयाची हालचाल त्याच्या पुष्कळ आधी, सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारासच दिसू लागते. पण एका देहात दोन जीव आहेत आणि एकीच्या तोंडून दोघांची भूक बोलते, ही जुनी समजूत आजही तितकीच खरी वाटते.

बुलढाणा जिल्ह्यातील आपल्या घरांत हा विधी एकाच नावाने ओळखला जात नाही. खामगाव, मलकापूर, नांदुरा, शेगाव या घाटाखालच्या पेठा असोत की चिखली, मेहकर, देऊळगावराजा, लोणार ही घाटावरची गावे असोत, कापसाच्या, धान्याच्या, कापडाच्या आणि सराफीच्या निमित्ताने येथे आलेली घरे आपापला कुळाचार बरोबर घेऊन आली. मारवाडी घरांत 'आठवा' पुजला जातो, 'साध' पुरविली जाते, 'गोद' भरली जाते. गुजराती घरांत 'सीमंत' किंवा 'अघरणी' असते. मराठी बोलणाऱ्या दिगंबर घरांत ओटीभरण आणि डोहाळजेवण असते. शेजारच्या वऱ्हाडी घरांशी पिढ्यान्‌पिढ्यांचा घरोबा असल्याने हिरवी साडी, हिरवा चुडा, झोपाळा आणि डोहाळ्यांची गाणी आता साऱ्याच घरांत आली आहेत. नावे वेगळी, महिने थोडे पुढे-मागे. पण सर्वांच्या मुळाशी 'साध' म्हणजे इच्छाच आहे.

आगमकथांतील तीन माता

आपल्या कथासाहित्यात दोहदाचे प्रसंग वारंवार येतात आणि प्रत्येक प्रसंग यजमानांना काही शिकवतो.

ज्ञाताधर्मकथेच्या पहिल्याच अध्ययनात राजगृहीच्या श्रेणिक राजाची राणी धारिणी आहे. तिसऱ्या महिन्यात तिला डोहाळे लागतात ते पावसाचे. ऋतू नसताना आकाशात मेघ दाटावेत, धरती हिरवी व्हावी आणि सेचनक हत्तीवर बसून वैभारगिरीच्या पायथ्याशी फिरावे, अशी तिची इच्छा. ही पुरी होणारी नाही हे जाणून ती कोणाला काही सांगत नाही. आतल्या आत झुरते, सुकत जाते. दासी राजाला कळवतात. राजा येऊन विचारतो, तरी ती पहिल्यांदा बोलत नाही. पुन्हा पुन्हा, आग्रहाने आणि मायेने विचारल्यावरच ती मन मोकळे करते. पुढे अभयकुमार अठ्ठम तप करून मित्रदेवाच्या साहाय्याने तो अकाल मेघ घडवून आणतो, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्या पोटी मेघकुमार जन्मला. या कथेत चमत्काराइतकेच महत्त्व त्या दुसऱ्यांदा विचारण्याला आहे. नव्या घरात आलेली सून 'काय हवे?' या प्रश्नाला 'काही नको' असेच उत्तर देणार. ते उत्तर अखेरचे मानू नये.

दुसरी माता मिथिलेच्या कुंभ राजाची राणी प्रभावती. तिला पाच रंगांच्या ताज्या फुलांच्या माळांनी सजविलेल्या शय्येवर विसावण्याचे डोहाळे लागले. ते पुरविले गेले आणि त्या माळांवरूनच बाळाचे नाव 'मल्ली' ठेवले गेले. श्वेतांबर परंपरेनुसार एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ हे स्त्रीरूपात जन्मले. दिगंबर परंपरा त्यांना पुरुषच मानते. श्वेतांबर कथेत त्या स्त्रीजन्मामागे पूर्वभवातील मायाचाराचे कारण सांगितले आहे, हे खरे. तरीही मातेच्या डोहाळ्यांत, पित्याच्या आनंदात आणि जन्ममहोत्सवात कोठेही उणेपणा नाही. आज डोहाळजेवणात आपण गर्भवतीला फुलांचे दागिने घालतो, तेव्हा प्रभावतीची ही आठवण मनात असावी.

तिसरी माता त्रिशला. कल्पसूत्रात तिच्या आहाराविषयी सांगितले आहे की तो अति थंड नव्हता, अति उष्ण नव्हता, अति तिखट, अति कडू, अति तुरट, अति आंबट किंवा अति गोडही नव्हता. आणि तिचे दोहद सन्मानाने पूर्ण केले गेले. त्याच परंपरेतील आणखी एक प्रसंग पर्युषणात आपण दरवर्षी ऐकतो. आईला आपल्या हालचालीने त्रास होऊ नये म्हणून गर्भस्थ वर्धमान निश्चल झाले. त्रिशलेला वाटले, गर्भ गेला. तिचा शोक पाहून राजवाड्यातील वाद्ये थांबली. ते जाणून बाळाने किंचित हालचाल केली आणि मातापिता जिवंत असेपर्यंत दीक्षा न घेण्याचा निश्चय केला. बाळाची हालचाल हा आईचा केवढा मोठा आधार असतो, हे यापेक्षा सुंदर रीतीने क्वचितच सांगितले गेले असेल. डॉक्टरही आज हेच सांगतात: हालचाल मंदावली असे वाटले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

दिगंबर परंपरेत आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात गर्भकाळातील क्रिया सांगितल्या आहेत: तिसऱ्या महिन्यात प्रीति, पाचव्यात सुप्रीति, सातव्यात धृति आणि नवव्यात मोद. प्रेम, अधिक प्रेम, धैर्य आणि आनंद. ही चारही नावे मनाच्या अवस्थांची आहेत. सातव्या महिन्यात आपण डोहाळजेवण करतो, तो महिना धृतीचा, म्हणजे धीर देण्याचा आहे.

दिवस, वेळ आणि जागा

पाचवा, सातवा, आठवा की नववा, हे कुळाचाराप्रमाणे ठरावे. मात्र मुहूर्त काढण्यापूर्वी तिच्या डॉक्टरांना विचारावे. रक्तदाब वाढलेला असेल, वार खाली असेल, विश्रांती सांगितली असेल, तर घरातल्या घरात पाच जणींनी ओटी भरणे हाच शुभमुहूर्त. नववा महिना गाठण्याचा हट्ट धरू नये. बाळ पंचांग पाहून येत नाही.

घाटाखाली एप्रिल-मे महिन्यांत ऊन असह्य असते. सातवा महिना त्या दिवसांत येत असेल तर सकाळी साडेनऊ-दहाला ओटी भरून साडेअकरापर्यंत पंगत आटोपावी, किंवा विधी थोडा अलीकडे घ्यावा. दसरा-दिवाळीनंतर सोयाबीन आणि कापसाची आवक सुरू झाली की पुरुषमंडळी बाजार समितीत आणि जिनिंगमध्ये अडकतात. त्या दिवसांत घाईने उरकण्यापेक्षा रविवार निवडावा. चातुर्मासात, विशेषतः पर्युषण आणि दशलक्षण पर्वाच्या दिवसांत, मोठ्या पंगती टाळण्याचा संकेत आपण पाळतोच.

रात्रिभोजनाचा नियम हा या सोहळ्याचा मोठा उपकारकर्ता आहे. आपल्या भागात सूर्यास्त डिसेंबरात पावणेसहाच्या आसपास, तर जूनमध्ये सातच्या पुढे होतो. संध्याकाळी सातची वेळ देऊन नऊला पंगत बसविणारे निमंत्रण घरातील चौविहार करणाऱ्या वडीलधाऱ्यांना उपाशी ठेवते आणि गर्भवतीलाही छळते. दुपारचा सोहळा दोघांनाही मानवतो. 'चांदण्यातले डोहाळजेवण' करण्याची हौस असेल, तर जेवण दिवसाउजेडी उरकून केवळ झोपाळा आणि गाणी चांदण्यात ठेवावीत. हौसही पुरते, नेमही राहतो.

जागेच्या बाबतीत चार गोष्टी पाहाव्यात: जिने चढावे लागू नयेत, स्वच्छ प्रसाधनगृह जवळ असावे, हवा खेळती असावी आणि तिला मध्येच अर्धा तास आडवे होता येईल अशी एक खोली असावी. मखरातील चौरंग दिसायला सुंदर असतो, पण पाठीला टेका आणि पायांखाली उशी असलेली खुर्चीच बरी. सलग बसणे अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक होऊ देऊ नये. ध्वनिक्षेपकाच्या भिंती, धुराची नळकांडी, चमकीचे फवारे यांना येथे काहीच काम नाही. सजावटीसाठी चौदा किंवा सोळा स्वप्नांची भरतकाम केलेली तोरणे भिंतीवर, पायदळी येणार नाहीत अशी लावावीत. ती जपून ठेवली की पुढच्या सुनेच्या वेळीही उपयोगी पडतात. फुलांबाबत घराघराचे नेम वेगळे असतात. कापडाच्या किंवा लोकरीच्या फुलांचे दागिनेही आता सुरेख मिळतात.

पानात काय वाढावे

कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट, ओले आले हे आपल्या पानात नसतेच. अनेक घरांत बहुबीज म्हणून वांगेही वर्ज्य असते, तेव्हा शेजारच्या पंगतीतील भरली वांगी येथे चालत नाहीत. पण वऱ्हाडाच्या आणि मारवाडच्या स्वयंपाकघरांनी मिळून जे दिले आहे ते काय थोडे आहे? बेसनाची पातोडी, गट्ट्याची भाजी, केर-सांगरी, दाल-बाटी, दाल-ढोकळी, कढी, गोळाभात, साखरभात, मुगाच्या डाळीचा शिरा, पुरणपोळी. त्यांतून तिला आवडणारे चार पदार्थ तिलाच निवडू द्यावेत. पन्नास पदार्थांच्या मांडणीपेक्षा तिच्या आवडीचे चार पदार्थ घरच्या हातचे असणे हेच खरे डोहाळजेवण. तिला कैरीची डाळ हवी असेल आणि आचाऱ्याच्या यादीत ती नसेल, तर यादी बदलावी.

भेट म्हणून येणाऱ्या सुक्या मेव्याच्या डब्यांत अंजीर असते, खजुरावर मध असतो. आपल्याकडे दोन्ही अभक्ष्य मानले जातात. निमंत्रण देतानाच नम्रपणे सांगितले तर कोणी रागावत नाही. मिठाईवरील चांदीचा वर्ख कसा कुटला आहे हे दुकानदाराला विचारावे, अन्यथा वर्खाविनाच मागवावी. केक कापायचाच असेल तर बिनअंड्याचा, आणि मेणबत्ती फुंकून विझविण्याऐवजी दीप उजळावा.

आता थोडे आरोग्याविषयी. गर्भवतीच्या रक्तात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात, आणि सुखवस्तू घरांतही तो आढळतो. डाळी, मटकी, चवळी, राजगिरा, तीळ, खजूर यांबरोबर लिंबू किंवा आवळा घेतल्यास लोह अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतल्यास ते कमी शोषले जाते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही. आपल्यासाठी दूध, दही, पनीर हेच त्याचे स्रोत, म्हणून ते पानात हवेत आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी चुकवू नये. गर्भावस्थेतील मधुमेहाची तपासणी साधारणपणे २४ ते २८ आठवड्यांत होते, म्हणजे डोहाळजेवणाच्या अगदी आधी. साखर वाढलेली निघाली, तर प्रत्येक मावशीने आणि मामीने आपल्या हाताने एकेक घास गोड भरवणे हे प्रेम राहत नाही. अशा वेळी घास मुगाच्या धिरड्याचा भरवावा. माया तीच राहते.

तपाविषयीही एक विनंती. गर्भारपणात वर्षीतप, ओळीचे आयंबिल किंवा सलग उपवास करण्याची इच्छा अनेक भगिनींना होते. त्यांनी आपल्या साधु-साध्वीजींना आणि डॉक्टरांना अवस्था मोकळेपणाने सांगावी. नवकारशी, सामायिक, स्वाध्याय, मौन यांचे मार्ग उघडे आहेतच. त्रिशलामातेचा तो समतोल आहार आपल्यासमोर आहे.

ओटी, आहेर आणि व्यवहार

ओटीचे साहित्य मुळात साधे: नारळ, तांदूळ किंवा गहू, सुपारी, हळकुंड, पाच फळे, खण. त्यात हळूहळू खामगावच्या पेठेतील चांदीची वाटी, सोन्याची साखळी, सासरच्या प्रत्येकासाठी कपडे, पेट्याच्या पेट्या फराळ असे काही येत गेले. चांदीची वाटी बाळाच्या उष्टावणाला उपयोगी पडते, ती आजीने हौसेने द्यावी. पण मुलीच्या पीहराकडून अपेक्षांची यादी जाणे हे कोणत्याही घराला शोभत नाही. ज्या घरात लग्नाचा खर्च होऊन वर्ष-दीड वर्षच झाले आहे, तेथे हा दुसरा बोजा किती जड जातो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागू नये. आपण दुकानात उधारीची मर्यादा ठरवतो, तशी आहेराचीही ठरवावी: सासरकडून निरोप जावा की ओटी आणि एक साडी, याहून काही आणू नये. हा निरोप सासूबाईंनी स्वतः दिला, तर सुनेच्या मनावरचे अर्धे ओझे त्याच दिवशी उतरते.

साडी रेशमीच असावी हा आग्रहही सोडता येईल. कोशातील किडे उकळून काढलेल्या रेशमापेक्षा हिरवीगार सुती साडी गर्भवतीच्या अंगालाही सुखाची आणि आपल्या अहिंसेलाही.

सोहळ्याच्या खर्चातला दहावा भाग बाजूला काढून गावातील अंगणवाडीच्या गर्भवती भगिनींसाठी शेंगदाणे, गूळ, डाळी, खजूर यांची पाकिटे द्यावीत. दरमहा ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गर्भवतींची मोफत तपासणी होते. आपल्या दुकानातील मदतनिसाची पत्नी, घरकामाला येणाऱ्या बाई यांना त्या दिवशी पगारी सुटी आणि जाण्यायेण्याचे भाडे देणे हेही दानच आहे.

पेढा की बर्फी?

डोहाळजेवणात एक खेळ ठरलेला असतो. दोन वाट्या झाकून ठेवतात. एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. तिने एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. पेढा निघताच टाळ्या कडाडतात. बर्फी निघाली की 'असू दे, लक्ष्मी आली' म्हणून कोणीतरी सावरून घेते. सावरून घ्यावे लागते, यातच सारे आले. त्या क्षणी मखरात बसलेल्या तिच्या चेहऱ्याकडे कोणी पाहत नाही.

हा निव्वळ खेळ आहे, असे म्हणून सोडून देता येत नाही. २००१ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे ९०८ मुली होत्या. २०११ मध्ये ती संख्या ८५५ वर आली. देशभरातील जैन समाजाचा आकडा २००१ मध्ये ८७० होता आणि २०११ मध्ये ८८९ झाला. दोन्ही वेळा तो देशाच्या सरासरीपेक्षा कमीच. साक्षरतेत अग्रेसर असलेल्या, मुंगीलाही धक्का लागू नये म्हणून वाट पाहून चालणाऱ्या समाजाच्या पाळण्यांत मुली कमी का, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घराने स्वतःला द्यायचे आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. तो १९८८ चा. देशाचा कायदा १९९४ चा आहे, आणि त्याखाली केवळ डॉक्टरच नव्हे, तर लिंग जाणून घेण्याची मागणी करणारे नातलगही तुरुंगवासास व दंडास पात्र ठरतात.

परदेशी असलेल्या आपल्या मुलांकडून अलीकडे आणखी एक प्रकार कानांवर येतो. तेथे बाळाचे लिंग आधीच जाणून, ते गुलाबी किंवा निळ्या रंगाने जाहीर करण्याचा सोहळा होतो. २००८ मध्ये अमेरिकेतील एका गर्भवतीने केक कापून ही रीत लोकप्रिय केली; पुढे २०१९ मध्ये तिनेच या प्रकाराबद्दल जाहीरपणे नापसंती व्यक्त केली. २०२० मध्ये कॅलिफोर्नियात अशाच एका सोहळ्यातील धुराच्या नळकांड्याने वणवा पेटला. आपल्या देशात तर हे कायद्यानेच शक्य नाही. पण गुलाबी आणि निळ्या फुग्यांची कमान लावून आपण नकळत तोच प्रश्न विचारत असतो.

आपल्या जिल्ह्याने तरी तो विचारू नये. सिंदखेडराजा येथे १२ जानेवारी १५९८ रोजी लखुजीराव जाधव आणि म्हाळसाबाई यांच्या पोटी आलेली कन्या म्हणजे जिजाऊ. त्या कन्येच्या जन्मस्थानी आज महाराष्ट्र माथा टेकतो.

पेढीचा विचार करणाऱ्यांसाठी व्यवहाराची गोष्टही सांगतो. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने अविभक्त कुटुंबाच्या मालमत्तेत मुलगीही मुलाप्रमाणेच जन्माने हक्कदार झाली, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर स्पष्ट शिक्कामोर्तब केले. ओटीतला जीव मुलगा असो वा मुलगी, कुटुंबाच्या खात्यात त्याचे नाव जन्मानेच येते. पाटीवर 'अँड सन्स' लिहिलेल्या अनेक दुकानांचे हिशेब आज घरच्या सनदी लेखापाल लेकी पाहत आहेत.

खेळ मोडायचा नसेल तर बदलावा. दोन्ही वाट्यांत चिठ्ठ्या ठेवाव्यात आणि त्यांत घरातल्यांनी आपापले वचन लिहावे: 'पहिले तीन महिने रात्रीचे बाळ अर्धा वेळ मी सांभाळीन' हे पतीने, 'सव्वा महिना स्वयंपाक माझ्याकडे' हे जाऊबाईंनी, 'माहेरी हवे तितके दिवस राहा' हे सासूबाईंनी. तिने चिठ्ठी उघडून सर्वांसमोर वाचावी. आणि ओटी भरताना 'पुत्रवती भव' ऐवजी 'सुखरूप सुटका होवो' म्हणावे. हा आशीर्वादही आपल्या आजींच्याच तोंडचा आहे.

कोणाच्या हातून ओटी भरावी

सवाष्णींनीच ओटी भरावी, अशी रीत सांगून आपण अनेकींना दाराशी थांबवतो. नातवंडासाठी दुपटी शिवणारी विधवा आजी मागे उभी राहते. मूल न झालेली काकू स्वयंपाकघरात काम शोधते. ज्या धर्मात कर्म ज्याचे त्याला भोगावे लागते, तेथे एका स्त्रीच्या वैधव्याची सावली दुसरीच्या गर्भावर पडेल हे कोणत्या सिद्धांतात बसते? पहिली ओटी त्या आजीने भरावी. घरात पहिली लेक असेल तर दुसऱ्या खेपेलाही डोहाळजेवण करावे आणि त्या चिमुरडीच्या हाताने आईच्या ओटीत फळ घालावे. पहिली मुलगी झाल्यावर दुसऱ्या वेळी घरात जी अबोल प्रतीक्षा सुरू होते, तिच्यावर याहून चांगला उतारा नाही.

कधी कधी सोहळ्याचा प्रसंगच नसतो. आधीचा गर्भ गेलेला असतो, मनात भीती असते. किंवा घरात नुकतेच कोणी गेलेले असते. जुलै १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात लखुजीरावांची पुत्रांसह हत्या झाली आणि १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. म्हणजे सिंदखेडच्या या लेकीचे माहेर उद्ध्वस्त झाले, तेव्हा तिला नुकतेच दिवस गेलेले होते. अशा वेळी वाजंत्री नको असते; जवळ बसून हात हातात घेणारे माणूस हवे असते. डोहाळजेवण रद्द करू नये, लहान करावे. तिच्या आवडीचे एक पान, दोन मैत्रिणी, माहेरची एक व्यक्ती आणि नवकाराचा जाप एवढ्यानेही ओटी पूर्ण भरते. आदिपुराणातील धृति याच दिवसांसाठी सांगितली असावी, असे वाटते.

तयारीची वही उघडाल तेव्हा पहिले पान सूनबाईंकडे द्यावे. त्यावर तिने आपल्या हाताने लिहावे: काय खावेसे वाटते, कोण यावे, किती वेळ बसवेल, काय नको. 'काही नको' असे लिहून वही परत आली, तर श्रेणिक राजाप्रमाणे पुन्हा एकदा, जवळ बसून विचारावे. ते पान भरल्यावरच आचाऱ्याला, सभागृहाला आणि छायाचित्रकाराला फोन करावा. आपल्या समाजातील प्रत्येक गर्भवती भगिनीची सुखरूप सुटका होवो आणि येणारा जीव, मुलगी असो वा मुलगा, आनंदाने स्वीकारला जावो, हीच मंगलकामना.